आपला कारभार आपण पाहणारें संदेशजाळें

मंगलकार्याची मोठी पंगत बसली म्हणजे यजमान कांहीं प्रत्येक पानाजवळ उभा राहून हुकूम सोडीत नाहीं. वाढपी आपल्या डोळ्यांनीं पाहतो. ज्या पानावरील वरण संपलें तेथें वळतो. एका ओळींत दोघे एकदम शिरले तर त्यांतील एक आपण होऊन दुसऱ्या ओळीकडे जातो. आणि एखाद्याचें पातेलें रिकामें झालें तर शेजारचा त्याची ओळ पुरी करतो. प्रत्येकाला थोडासा अधिकार आणि सर्वांना ठाऊक असलेली एक शिस्त, या दोहोंच्या मेळावर शंभर पानांची पंगत निर्विघ्न उठते. दळणवळणाच्या ज्या ‘स्वयंशासित’ जाळ्यांविषयीं शास्त्रज्ञ आज संशोधन करीत आहेत, त्यांचें मर्म याहून फारसें वेगळें नाहीं. संदेश वाहून नेणारीं हीं जाळीं मनुष्याच्या हुकुमाची वाट न पाहतां बदलत्या परिस्थितीशीं आपलें आपण जुळवून घेतील काय, आणि तीं तसें करूं लागल्यावर त्यांच्या चुकीची जबाबदारी कोणावर, हे दोन प्रश्न आतां केवळ शास्त्रज्ञांचे राहिलेले नाहींत. परदेशीं असलेल्या मुलाचें बोलणें, बँकेचा व्यवहार, दवाखान्याची निकड, हें सारें आज याच जाळ्यांतून जात असतें.

मधली वाट तुटली म्हणजे काय होतें, हें पुणेकरांस निराळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें धरणहि फोडलें, आणि मुठेवरील बहुतेक पूल पाण्याखालीं गेले. पेठा एका तीरावर, डेक्कन जिमखाना दुसऱ्या तीरावर. पूल बुडतांच हांकेच्या अंतरावरचें घर परगांवाइतकें दूर झालें. संदेशाच्या तारांचीहि गोष्ट अशीच आहे. सगळ्या तारा एकाच मध्यवर्ती ठाण्यांत आणून बांधल्या, तर तें एक ठाणें बुडालें कीं सारें शहर मुकें होतें.

युद्धांत असा प्रसंग आला तर काय करावें, या चिंतेंतून अमेरिकेंतील रँड या संस्थेंत पॉल बॅरन यांनीं एक योजना आंखली व १९६४ सालीं ती विस्तारानें प्रसिद्ध केली. मध्यवर्ती ठाणें मुळीं असूंच नये, असें त्यांचें म्हणणें होतें. प्रत्येक ठाणें आसपासच्या अनेक ठाण्यांशीं जोडावें. संदेशाचे लहान लहान तुकडे करावे. प्रत्येक तुकड्यावर त्याचा पत्ता लिहावा. आणि हातांत निखारा पडावा त्याप्रमाणें ठाण्यानें तो तुकडा त्या क्षणीं जी वाट मोकळी व जवळची दिसेल तिकडे झटकन पुढें ढकलावा. कोणती वाट जवळची हें वरून कोणी सांगावयाचें नाहीं. येणारे तुकडे किती ठाणीं ओलांडून आले यावरूनच तें ओळखावयाचें, आणि वाट बदलली कीं आपली समजूतहि बदलावयाची. बॅरन यांच्या हिशेबांत असें आढळून आलें कीं, ठाणीं एकमेकांस जोडण्यासाठीं कमींत कमी जितक्या जोडण्या लागतात त्यांच्या तिप्पट-चौपट जोडण्या ठेवल्या, तर पुष्कळशीं ठाणीं नष्ट होऊनहि उरलेल्यांपैकीं बहुतेकांचें बोलणें चालूं राहतें. २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं तुकड्यांनीं संदेश नेणाऱ्या अशाच एका जाळ्यावरून कॅलिफोर्नियांतील दोन संगणकांमध्यें पहिला संदेश गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्याचीं पहिलीं दोन अक्षरें पोंचलीं आणि पलीकडचें यंत्र बंद पडलें! आजचें इंटरनेट याच लहानशा आरंभांतून वाढलें.

तारेच्या जाळ्याला वाट निवडावी लागते. बिनतारी जाळ्याला त्याखेरीज आकाशांतील जागाहि निवडावी लागते. रेडिओलहरींचे पट्टे सरकारनें निरनिराळ्या कामांस वांटून दिलेले असतात, व ज्याचा पट्टा त्यानें वापरला नाहीं तरी दुसऱ्यानें त्यांत शिरूं नये असा जुना नियम. दूरचित्रवाणीकडे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा एक पट्टा असे. त्यांत १५ चॅनेलांची सोय होती. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांचे सहकारी यांनीं २०१० नंतरच्या दशकांत हिशेब करून दाखविलें कीं, आपल्या देशांत जवळजवळ सर्वत्र या १५ पैकीं निदान १२ चॅनेल रिकामेच पडून होते. पालघर जिल्ह्यांतील कांहीं खेड्यांत या मोकळ्या जागेंतून इंटरनेट नेण्याचे प्रयोगहि त्यांनीं केले. या पद्धतींत यंत्र आपण कोठें उभें आहों हें पाहतें, त्या ठिकाणीं कोणता चॅनेल मोकळा आहे याची नोंदवहींत चौकशी करतें, तेवढाच वापरतें, आणि धनी आला कीं जागा सोडून दुसरीकडे बसतें. रिकाम्या पाटावर बसावें, पण ज्याचा पाट त्याला उभें ठेवूं नये, ही पंगतीची रीत येथें यंत्राला शिकविलेली आहे.

परंतु जेथें मनुष्याचा हात पोंचतच नाहीं, तेथें काय? या प्रश्नाशीं आमच्या पुण्यांतील विद्यार्थ्यांनींच झुंज घेतलेली आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. मुळामुठेच्या संगमानजीकचें अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ सालीं स्थापन झालें. तेथील विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनीं कित्येक वर्षें खपून जेमतेम एक किलो वजनाचा आणि सुमारें वीतभर लांबीरुंदीच्याहि आंत बसणारा एक उपग्रह तयार केला. त्याचें नांवच मुळीं ‘स्वयम्’. २२ जून २०१६ रोजीं श्रीहरिकोटा येथून एकाच अग्निबाणानें २० उपग्रह आकाशांत नेले. त्यांतील मुख्य कार्टोसॅट सुमारें सव्वासातशें किलोचा, आणि त्याच्या सोबतीला हें पुण्याचें लेंकरूं.

स्वयम् हा एक प्रकारचा फिरता टपालवाला व्हावा, अशी योजना होती. हौशी रेडिओचालकानें आपल्या गांवावरून जातांना त्याच्या हातीं संदेश द्यावा, त्यानें तो जपून ठेवावा, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या भागावरून जातांना ज्याचा त्याला पोंचता करावा. सुमारें ५०० किलोमीटर उंचीवरून अशा उपग्रहाला पृथ्वीप्रदक्षिणेस दीड तासाहून थोडासाच अधिक वेळ लागतो, व एका फेरींत तो एखाद्या गांवाच्या दृष्टिपथांत फार तर कांहीं मिनिटें राहतो. बाकीच्या सर्व वेळीं त्याला विचारणारें कोणी नाहीं आणि सांगणारेंहि कोणी नाहीं. शिवाय त्याचें तोंड योग्य दिशेला राहिलें पाहिजे, नाहीं तर संदेश भलतीकडेच जावयाचा. यासाठीं विद्यार्थ्यांनीं वीज खाणारें यंत्र न बसवितां आंत लोहचुंबक ठेवला. होकायंत्राच्या सुईप्रमाणें तो पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या अनुरोधानें वळतो, आणि विशिष्ट धातूच्या कांड्या त्याचे हेलकावे हळूहळू शमवितात. आकाशांत गेलेल्या वस्तूला पुन्हा कारखान्यांत आणून दुरुस्त करतां येत नाहीं. म्हणून कसल्या प्रसंगीं त्यानें काय करावें, याचा सारा विचार पुण्यांतल्या प्रयोगशाळेंतच आधीं करून ठेवावा लागला. यंत्राच्या स्वातंत्र्यामागें मनुष्याची केवढी पूर्वतयारी असते, याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

ही पूर्वतयारी चुकली तर काय होतें, तेंहि पाहिलें पाहिजे. १५ जानेवारी १९९० रोजीं अमेरिकेंतील एटी अँड टी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या टेलिफोनजाळ्यांत न्यूयॉर्कचें एक एक्स्चेंज किरकोळ बिघाडामुळें शिस्तीप्रमाणें क्षणभर बाजूला झालें, आपलें आपण सुधारलें, आणि ‘मी पुन्हा कामावर आलों’ असें शेजाऱ्यांना कळवूं लागलें. हा निरोप टिपून घेत असतांनाच त्याच्याकडून लागोपाठ दुसरा संदेश आला, तर शेजारच्या यंत्राचा गोंधळ उडावा, अशी एक चूक नव्यानें घातलेल्या आज्ञावलींत राहून गेली होती. तेंहि यंत्र बाजूला झालें, सुधारलें, आणि त्यानेंहि आपल्या शेजाऱ्यांना तसेंच कळविलें. देशभरच्या ११४ एक्स्चेंजांत आज्ञावली एकच, म्हणून चूकहि एकच. आणि सुमारें ९ तासपर्यंत कोट्यवधि लोकांचीं बोलणीं अडून राहिलीं. बॅरन यांचें जाळें शत्रूच्या घावाला पुरून उरलें असतें. येथें घाव घालणारा कोणीच नव्हता. प्रत्येक यंत्र नेमून दिलेलें कर्तव्य चोख बजावीत होतें, आणि त्या कर्तव्यदक्षतेनेंच रोग घरोघर पसरला. शेवटीं माणसांनाच मध्यें पडून निरोपांची गर्दी कमी करावी लागली, तेव्हां कोठें यंत्रें थाऱ्यावर आलीं.

पुढील काळांत अशीं जाळीं वाढत जाणार, हें उघड आहे. रस्त्यावरचे दिवे, विजेचा पुरवठा, रुग्णालयांतील उपकरणें, पुराची सूचना देणारीं यंत्रें एकमेकांशीं आपलीं आपण बोलूं लागलीं आहेत. त्यांना भिऊन चालणार नाहीं. ‘यंत्रच सारें पाहून घेतें’ असें म्हणून निश्चिंत राहणेंहि सुशिक्षित गृहस्थास शोभणार नाहीं. घरांतील जीं मुलें आज या विद्येकडे वळत आहेत, त्यांना वडीलधाऱ्यांनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या. तुमचें यंत्र चुकलें, तर ती चूक शेजाऱ्यापर्यंत न जातां तेथेंच थांबेल काय? त्याला थांबविण्याची किल्ली कोणा मनुष्याच्या हातीं आहे काय? आणि तो मनुष्य आपलें नांव सांगावयास तयार आहे काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें ज्यांना देतां येतील, त्यांनीं विणलेल्या जाळ्यावर पुराच्या रात्रीं विसंबावयास आमची कांहीं हरकत नाहीं.