हर्निया: फुगवटा कुठला आणि वेळ किती

पोटाच्या भिंतीतील स्नायू व त्यांवरील चिवट आवरणे जिथे मुळातच विरळ असतात किंवा पुढे कमकुवत होतात, तिथून आतडे अथवा आतड्यांवरील चरबीचा पडदा बाहेर सरकून त्वचेखाली फुगवटा येतो, त्यास हर्निया किंवा अंतर्गळ म्हणतात. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या शेतीवर जगणाऱ्या गावात त्याचे खापर ओझे उचलण्यावर फोडले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि प्रोस्टेट वाढल्याने लघवीला करावा लागणारा जोर यांनीही पोटातील दाब वाढतो.

जांघेतील हर्निया सर्वांत जास्त आढळतो आणि तो मुख्यतः पुरुषांचा आजार आहे. वृषण गर्भावस्थेत पोटातून खाली उतरतो ती वाट पूर्ण बुजली नाही, तर तिच्यातून येणारा तो अप्रत्यक्ष हर्निया, आणि उतारवयात मागची भिंत ढिली पडून थेट पुढे येणारा तो प्रत्यक्ष हर्निया होय. पोटावरील जुन्या टाक्यांच्या जागी होतो त्याला व्रणजन्य हर्निया म्हणतात. तान्ह्या बाळाच्या बेंबीचा फुगवटा बहुधा पहिल्या काही वर्षांत आपोआप बसतो. त्यावर नाणे बांधण्याची रीत निरुपयोगी आहे. जांघेच्या घडीखाली मांडीच्या मुळाशी येणारा हर्निया तुलनेने स्त्रियांत अधिक दिसतो आणि त्याचे तोंड अरुंद असल्याने तोच अधिक घातक ठरतो.

अंडकोशाची प्रत्येक सूज हर्निया नसते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातही वृद्धीचे सात प्रकार सांगताना अंत्रवृद्धी आणि मूत्रवृद्धी वेगळ्या धरल्या आहेत. अंडकोशात पाणी साठले असेल, म्हणजे हायड्रोसील असेल, तर अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरी धरल्यावर सूज लालसर उजळते आणि तिच्या वरच्या टोकाला बोटांची चिमूट बसते. जांघेतून खाली उतरलेल्या हर्नियात ती बसत नाही.

रुग्णाच्या दृष्टीने प्रकाराहून अवस्था महत्त्वाची असते. आडवे झाल्यावर आत जाणारा फुगवटा सवडीने दाखवता येतो, मात्र पट्टा बांधून तो बरा होत नाही. फुगवटा आत जाईनासा झाला, टणक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, शौच व वारा अडला, तर आतडे अडकले आहे असे समजावे. त्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांत ते सडू लागते. अशा वेळी बळजबरीने दाबत बसू नये. धावड्याहून भोकरदन आणि तिथून जालना किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, या वाटेवर प्रत्येक तास मोलाचा असतो.

शस्त्रक्रियेत इटलीच्या एदोआर्दो बासिनी यांनी 1880च्या दशकात रूढ केलेली पद्धत स्नायू ओढून शिवण्याची होती. त्यातील ताण टाळण्यासाठी पुढे पॉलिप्रॉपिलीनची जाळी आली, पण तिची किंमत गरिबांना जड गेली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून तिच्याऐवजी वापरले आणि अनेक केंद्रांतील अनुभव 2003 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’त मांडला. मच्छरदाणी म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांची कमतरता नव्हती. परंतु युगांडात 302 पुरुषांवर अशीच जाळी महागड्या जाळीशी ताडून पाहिली गेली, आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. आतडे सडलेले असल्यास मात्र जंतुसंसर्गाच्या भीतीने कोणतीही कृत्रिम जाळी बसवणे शल्यविशारद बहुधा टाळतात.