डिस्ट्रिक्ट सिक्स : उठवलेल्या वस्तीचे संग्रहालय

दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात, टेबल माउंटनच्या पायथ्याशी, डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची दाटीवाटीची वस्ती होती. १८६७ मध्ये शहराचा सहावा विभाग म्हणून तिची नोंद झाली. मुक्त झालेले गुलाम, कारागीर, मजूर, दुकानदार, मुस्लिम, ज्यू, भारतीय असे नाना तऱ्हेचे लोक तिथे शेजारीपाजारी राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वर्णभेदी सरकारने हा भाग केवळ गोऱ्यांसाठी राखीव ठरवला. पुढच्या दीड दशकात ६० हजारांहून अधिक लोकांची रवानगी दूर केप फ्लॅट्सच्या रेताड पट्ट्यात झाली आणि घरे बुलडोझरखाली गेली. चर्चे आणि मशिदी तेवढ्या वाचल्या. एवढे करून मोकळी केलेली जमीन बरीचशी ओसाडच राहिली.

तिच्या कडेला असलेल्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिसेंबर १९९४ मध्ये एक प्रदर्शन भरले. ते थोड्या दिवसांपुरतेच होते. पण जुने रहिवासी येतच राहिले, आणि प्रदर्शनाचे संग्रहालय झाले. मुख्य आकर्षण होते रस्त्यांच्या नावांच्या जुन्या पाट्यांचे. पाडकामावर देखरेख करणाऱ्या एका गोऱ्या कर्मचाऱ्याने त्या फेकून न देता घराच्या तळघरात लपवून ठेवल्या होत्या. ज्याच्या हातून वस्ती पाडली गेली, त्यानेच तिच्या खुणा का जपल्या असाव्यात, हा प्रश्न पाट्यांपुढे उभे राहिल्यावर पडतोच.

पाट्यांखाली जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरलेला आहे. माजी रहिवासी गुडघ्यांवर बसून त्यावर आपले घर, दुकान किंवा शाळा शोधतात आणि तिथे स्वतःच्या हाताने कुटुंबाचे नाव लिहितात. शेजारच्या लांबलचक कापडावर आठवणी लिहिल्या जातात. त्या अक्षरांवर नंतर भरतकाम होते. एरवी संग्रहालयातील मजकूर अभ्यासक ठरवतात. इथे तो बराचसा त्या गल्ल्यांत वाढलेल्यांनी लिहिला आहे. पाहुण्यांना माहिती सांगणारेही अनेकदा तेच असतात. ज्येष्ठ मंडळींच्या मुलाखती ध्वनिमुद्रित होतात. घरोघरच्या पाककृतींचे पुस्तकही त्यांच्या बैठकींतून निघाले. दरवर्षी ११ फेब्रुवारीला मोकळ्या जागेपर्यंत पदयात्रा निघते आणि तिथल्या ढिगावर प्रत्येक जण एकेक दगड ठेवतो.

संग्रहालयाचे सर्वांत मोलाचे काम मात्र भिंतींबाहेरचे आहे. जमीन परत मिळवण्याच्या लढ्यात ते सुरुवातीपासून उतरले. १९९७ मध्ये जमीन-दावा न्यायालयाची बैठकही याच इमारतीत झाली. ११ फेब्रुवारी २००४ रोजी नेल्सन मंडेला यांनी परतणाऱ्या पहिल्या दोन वृद्ध रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या दिल्या. त्यानंतरचे पुनर्वसन फारच संथ गतीने होत गेले, आणि कित्येक दावेदार घराची वाट पाहतच वारले.