सीट किती वर?

१९६९च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या ब्लुआच्या ट्रॅकवर सायकलपटू एडी मेर्क्स जबर पडला. पहिली टूर द फ्रान्स जिंकून त्याला दोनच महिने झाले होते. त्याला वेग मिळावा म्हणून पुढे मोटरची सायकल चालवणारा सहकारी त्या अपघातात गेला. मेर्क्स वाचला, पण कंबरेचं हाड जरासं सरकलं ते सरकलंच. पुढे त्याने आणखी चार टूर जिंकल्या, तरी सायकलवर पूर्वीसारखं आरामात बसणं काही जमेना. चालू शर्यतीत तो सीटची उंची बदलायचा. जगातला सर्वांत बलाढ्य सायकलपटू, आणि झगडा कशाशी, तर काही मिलिमीटरशी!

मिलिमीटरने एवढं काय बिघडतं? हिशेब करून बघा. मिनिटाला ८० पेडल मारली, तर तासाभरात एकेक गुडघा ४,८०० वेळा वाकतो. चालताना पाऊल कधी इकडे, कधी तिकडे पडतं. सायकलवर मात्र पाय एकाच वर्तुळात जखडलेला. लोखंड काही लवचीक नाही, त्यामुळे जी काही चूक असेल ती स्नायूंना आणि सांध्यांनाच सोसावी लागते.

आणि हे दुखणं किती नेमकं बोलतं! सीट खाली असेल, तर गुडघा जास्त वाकतो आणि बहुधा पुढून, वाटीपाशी दुखतो. सीट फार वर असेल, तर गुडघ्यामागचे स्नायू ताणले जातात, कंबर डोलू लागते. लहानपणी तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलवर आपण डावी-उजवीकडे झुलत पाय पुरवायचो ना, तेच. हाताची बोटं बधिर होत असतील, तर दोष हातांचा नसेलही. सीटचं नाक खाली झुकलं, की अंग पुढे घसरतं आणि सारा भार तळव्यांवर येतो.

मग सीट नेमकी किती वर हवी? सायकलपटू ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखलं जाणारं एक सूत्र आहे. अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि ०.८८३ने गुणायचं. ८० सेंमीला उत्तर येतं ७०.६. क्रँकच्या, म्हणजे पेडलच्या दांड्याच्या, आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. मला मात्र टाचेची जुनी रीत आवडते, तिला टेपही लागत नाही. भिंतीला टेकून सीटवर बसा, पेडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी चवडा ठेवलात, की गुडघा आपोआप २५ ते ३५ अंशांच्या आसपास वाकतो. दोन्ही रीती अंदाजाच्याच. शेवटचा निकाल गुडघा देतो, तोही चार-सहा दिवस चालवल्यावर.

म्हणून एका वेळी पाच मिलिमीटरच हलवा. नट सैल करण्याआधी सीटच्या दांड्यावर चिकटपट्टीची खूण करून ठेवा. आणि त्या दांड्यावर कोरलेली कमाल उंचीची रेघ कधीही बाहेर दिसू देऊ नका.