टीव्हीवरचा कार्यक्रम आपल्या सवडीनं



सह्याद्री वाहिनीवर ‘आमची माती आमची माणसं’ संध्याकाळी लागतो. त्या वेळेला आपण कुठं असतो? कुणी गोठ्यात धार काढत असते, कुणी भाकरी थापत असते, कुणी नुकतीच रानातनं आलेली असते. कार्यक्रम बघतात घरातली पुरुष मंडळी. जनावराच्या लसीकरणाचं त्यात सांगितलं असेल आणि आपण रात्री विचारलं, “काय सांगितलं ओ?” तर उत्तर येतं, “होतं काहीतरी जनावरांचं.” शेणघाण काढायची आपण, आजारी म्हशीपाशी रात्र काढायची आपण, आणि माहिती मात्र आपल्या कामाच्या वेळेला येऊन निघून जाते.

यूट्यूबवर सह्याद्रीचे बरेच कार्यक्रम मिळतात, हे खरं. पण नेटची रेंज गच्चीवर जाऊन शोधावी लागते, आणि घरात फोन एकच असला तर तो आपल्या हातात कधी येणार? म्हणून कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचा आणि गटाच्या बैठकीत, दुपारी, सगळ्यांनी मिळून बघायचा, असा विचार काही ग्रामसंघांत चालला आहे. त्याची माहिती इथं देत आहे.

आधी स्वस्तातली सोय. दूरदर्शनची फ्री डिश डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचं नाव ‘डीडी डायरेक्ट प्लस’ होतं. तिला महिन्याचं भाडं नाही. छत्री आणि बॉक्सचे पैसे एकदाच. यातल्या बऱ्याच बॉक्सना पेन ड्राइव्ह लावायची खाच असते आणि मेनूमध्ये रेकॉर्डिंग व टायमर असतो. तुमच्या बॉक्समध्ये तो आहे का, हे आजच बघा. एकाच घरी, एखादाच कार्यक्रम साठवायचा असेल तर एवढं पुरतं, पुढचा खर्च करू नका. अडचण एकच. बॉक्सनं साठवलेला कार्यक्रम कधी कधी त्याच बॉक्सवर चालतो, दुसरीकडं नेला तर उघडत नाही.

दहा गटांनी बघायचं असेल, महिनोन् महिने साठा ठेवायचा असेल, तर मात्र छोटा संगणक लावावा. हा संगणक म्हणजे टेबलावरचं मोठं खोकं नव्हे. रास्पबेरी पाय नावाचा एक संगणक मिळतो. इंग्लंडमध्ये मुलांना संगणक शिकता यावा म्हणून तो २०१२ मध्ये बाजारात आणला. आकारानं पत्त्यांच्या जोडाएवढा. ना पडदा, ना कळफलक, ते लागलं तर आपण जोडायचं. वीज फार थोडी खातो. डिस्क आणि ट्यूनर धरून १५ वॅट धरले तरी दिवसरात्र चालवून महिन्याला ११ युनिटच्या आसपास होतात.

एवढासा संगणक टीव्ही रेकॉर्ड कसा करेल, असं वाटेल. टीव्हीचं चित्र उपग्रहावरनं येतं तेच आधी दाबून बारीक केलेलं असतं. संगणकानं ते आहे तसं डिस्कवर उतरवून घ्यायचं, एवढंच काम. दळण आधीच झालेलं आहे, आपण फक्त पीठ डब्यात भरायचं.

आता जोडणी. छत्रीच्या पुढं दांड्यावर जो डोळा असतो त्याला मेकॅनिक एलएनबी म्हणतात. तिथनं वायर येते ती ट्यूनरला लावायची. ट्यूनर म्हणजे बॉक्सचं काम करणारी लहान डबी, तिला डीव्हीबी-एस२ ट्यूनर म्हणतात. ती यूएसबीनं संगणकाला जोडायची. संगणकाला एक डिस्क आणि एक वायफाय राउटर. झालं.

यात तीन ठिकाणी लोक अडकतात, ती नीट वाचा.

पहिलं, एलएनबी. एकाच वायरीला फाटा फोडून बॉक्स आणि ट्यूनर दोन्ही लावले तर गडबड होते. कुठली वाहिनी हवी त्याप्रमाणे वायरीतनं छत्रीकडं कधी १३ तर कधी १८ व्होल्ट जातात. दोन मालकांनी एकाच बैलाला दोन दिशांना हाकल्यासारखं होतं ते. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन वेगळ्या वायरी टाका. छत्री तीच राहते, फ्री डिशच्या जीसॅट-१५ उपग्रहाकडं ९३.५ अंश पूर्वेला लावलेली.

दुसरं, ट्यूनर. या सगळ्यात हाच महागडा आणि हाच फसवा. पैसे देण्याआधी दुकानदाराला विचारा, “हा लिनक्सवर चालतो का?” नुसतं “हो ताई, सगळ्यावर चालतो” असं म्हणाला तर पावतीवर लिहून मागा. शिवाय ट्यूनरला स्वतःचा अॅडॉप्टर हवा, कारण एलएनबीला वीज तोच पुरवतो. डिस्कचंही तसंच. रास्पबेरी पाय चारच्या सगळ्या यूएसबी खाचा मिळून १.२ अँपिअरच वीज देतात. म्हणून वेगळा अॅडॉप्टर असलेली डिस्क बरी.

तिसरं, लाइट. हे आपल्याला कुणी सांगायला नको. वीज फटकन गेली तर ज्या मेमरी कार्डावरनं संगणक सुरू होतो ते बिघडू शकतं. आणि रास्पबेरी पाय चारमध्ये स्वतःचं घड्याळच नाही. वेळ तो इंटरनेटवरनं घेतो. लाइट येऊन गेली, नेट नसलं, की त्याचं घड्याळ मागं पडतं आणि साडेसहाचा कार्यक्रम भलत्याच वेळी रेकॉर्ड होतो. इन्व्हर्टर असेल तिथंच तो ठेवा आणि लाइट येऊन गेली की फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं देऊन वेळ लावून घ्या.

खरं विचाराल तर ग्रामसंघाकडं किंवा कुणाच्या घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर मी तोच घ्या म्हणेन. जुनी असली तरी त्याला बॅटरी आहे, घड्याळ आहे, पडदा आहे. झाकण लावल्यावर झोपू नये अशी सेटिंग तेवढी करायची. सगळं नवं घ्यायचं तर खर्च दहा हजारांच्या वर जातो, लॅपटॉप असेल तर निदान संगणकाचे पैसे वाचतात.

सॉफ्टवेअरचं नाव टीव्हीहेडएंड. ते फुकट आहे आणि लिनक्सवर चालतं. एकदा बसवायला गावातल्या संगणक शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला अर्धा दिवस बसवा, पण शेजारी आपली एक ताई वही घेऊन बसलीच पाहिजे. नाहीतर तो पोरगा पुण्याला नोकरीला गेला की मशीन बंद. बसवल्यावर त्याच वायफायवरच्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये संगणकाचा पत्ता आणि पुढं ९९८१ हा आकडा टाकला की पान उघडतं. तिथं आधी उपग्रह निवडायचा, मग वाहिन्या शोधायला लावायच्या, मग साठा कुठल्या डिस्कवर करायचा ते सांगायचं. मेमरी कार्डावर साठवू नका, ते लवकर भरतं आणि झिजतं.

काही वाहिन्यांची कार्यक्रमपत्रिका पडद्यावर धड येत नाही. त्यांच्यासाठी ‘टायमर’ वापरायचा: वार, वेळ, वाहिनी. सुरुवातीला पाच मिनिटं आणि शेवटी दहा मिनिटं जास्तीची धरा, कार्यक्रम मागंपुढं होतातच. साध्या वाहिनीचा एक तास दीड ते दोन जीबी जागा घेतो. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर अडीचशे तास तरी मावतात. पावसाळ्यात जोराची सर आली की छत्रीचं चित्र तुटतं, तेवढा भाग रेकॉर्डिंगमध्येही तुटणारच. त्यात मशीनचा दोष नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटरला इंटरनेट नसलं तरी तो संगणक आणि फोन एकमेकांना जोडून देतो. ग्रामसंघाच्या खोलीत बसून आपल्या फोनवर व्हीएलसी अॅपमधनं कार्यक्रम बघितला तर एक एमबीसुद्धा डेटा जात नाही. न कळलेला भाग मागं घेऊन तीनदा बघता येतो. टीव्हीपुढं तसं म्हणायची सोय नव्हती.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या आणि केबलच्या वाहिन्या कुलूपबंद असतात, त्या या ट्यूनरवर दिसणार नाहीत. कुणी कुलूप तोडून देतो म्हणाला तर त्याला दारातनंच वाटेला लावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात स्वतःसाठी किंवा खरोखरच्या शिकवण्यासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला मोकळीक आहे. ते विकायला, तिकीट लावून दाखवायला किंवा यूट्यूबवर टाकायला नाही.

मालिका रेकॉर्ड करायच्या का, हा प्रश्न येणारच. करा की, त्यात लाजायचं काय? फक्त डिस्क भरत आली की आधी काय पुसायचं ते बैठकीत ठरवा. बचतीच्या पेटीची किल्ली जशी आपण फिरती ठेवतो तशी या मशीनची जबाबदारी दर तीन महिन्यांनी दुसऱ्या गटाकडं द्या. शेजारी एक रजिस्टर ठेवा: तारीख, कार्यक्रम, विषय, कोणत्या गटानं बघितला, पुसला कधी आणि कुणी. पासवर्ड त्याच रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहू नका, तो अध्यक्ष आणि सचिव दोघींकडं असू द्या.