थाळी कधी काट्यावर ठेवून बघितलीय?

तुमच्या कॉलेजच्या जिमखान्यात एक लोखंडी कपाट असणार. वरच्या कप्प्यात कॅरमच्या सोंगट्या, मधल्या कप्प्यात कबड्डीच्या मळक्या जर्सी आणि सगळ्यात खाली, गोळ्याच्या शेजारी, एक थाळी. रंग उडालेला, कडेला गंज, मधल्या पत्र्याचा एक स्क्रू गायब. आमच्याकडेही अशीच होती. मी पारोळ्याची. एफवायपासून दोन वर्षं त्या एकाच थाळीवर मी पहाटे सराव केला. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत संयोजकांनी हातात त्यांची थाळी दिली. ती इतकी हलकी लागली की हात वेळेआधीच पुढे आला. पहिली थाळी जाळीत, दुसरी सेक्टरच्या बाहेर आणि तिसऱ्या वेळी तोल जाऊन मीच वर्तुळाच्या बाहेर. तीन फाउल, विषय संपला.

घरी आल्यावर मैत्रीण म्हणाली, आपली थाळी एकदा वजन करून तर बघ. बाजारपेठेतल्या किराणा दुकानात नेली. दुकानदार काकांनी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बेटा, हे कशाचं झाकण आहे?" काट्यावर ठेवली तर दीड किलो!

मुलींची थाळी एक किलोची असते. मी दोन वर्षं १८ वर्षांखालच्या मुलांची थाळी फेकत होते आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून तुम्ही यूट्यूबवर फिरकीचे व्हिडिओ स्लो मोशनमध्ये बघत बसण्याआधी, हातात काय आहे ते बघा. पुरुषांची थाळी २ किलोची, २० वर्षांखालच्या मुलांची १.७५, १८ वर्षांखालच्या मुलांची १.५ आणि मुली-महिलांची १ किलोची. वजन बदललं की आकारही बदलतो. २ किलोच्या थाळीचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर, १ किलोच्या थाळीचा १८. थाळी मुठीत धरायची नसते, बोटांच्या पहिल्या पेरांवर तिची कड टेकते आणि अंगठा नुसता वर पडून राहतो. आकार चुकीचा असेल तर बोटं तिला पकडायला जातात, मनगट कडक होतं आणि तीच सवय अंगात मुरते. मला ती मोडायला अख्खा उन्हाळा लागला.

वजनानंतरची गोष्ट जास्त मजेशीर आहे आणि दुकानात ती सहसा कुणी सांगत नाही. दोन थाळ्या एकाच वजनाच्या असूनही हवेत अगदी वेगळ्या वागू शकतात. कारण वजन किती, याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. काही थाळ्यांत एकूण वजनापैकी ७० टक्क्यांच्या आसपास वजन धातूच्या कडेत असतं, काहींत ८० च्या पुढे, तर महागड्या थाळ्यांत ९० च्या जवळपास. पहिल्या प्रकाराला लो-स्पिन म्हणतात, शेवटच्याला हाय-स्पिन. आजीचं जातं आठवा. पाळू फिरवायला सुरुवातीला जोर लागतो, पण एकदा फिरायला लागली की थांबायचं नाव घेत नाही. कडेला वजन असलेली थाळी तशीच असते. तिला फिरवणं अवघड, पण फिरली की हवेत स्थिर राहते आणि लांब जाते.

आता यातली गोम अशी की ती फिरवायची कुणी? उजव्या हाताने फेकताना थाळी तर्जनीवरून सुटते आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. ही फिरकी बोटांतून येते, दंडातून नाही. नवशिक्याच्या बोटांत ती आलेली नसते. त्याने हाय-स्पिन थाळी फेकली की ती लडबडते, हवेत तिरकी होते आणि दगडासारखी खाली येते. मग तो आणखी ताकद लावतो, खांदा पुढे काढतो, पाय विसरतो. दोष थाळीचा, बिघडते फेक. म्हणून पहिली एक-दोन वर्षं कडेत कमी वजन असलेली थाळीच घ्या. ती थोडीफार चूक पोटात घालते आणि नीट सुटली की लगेच कळतंही.

गंमत म्हणजे, पार वेगळ्या खेळातही हाच सल्ला देतात. डिस्क गोल्फ नावाचा खेळ ऐकलाय? फ्रिसबीसारखी चकती फेकत फेकत साखळ्यांच्या टोपलीत टाकायची, कमीत कमी फेकींत. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७६ मध्ये त्याची व्यावसायिक संघटना सुरू केली. त्यात लांब जाणारी पातळ कडेची चकती म्हणजे ड्रायव्हर आणि जवळून टोपलीत टाकायची जाड कडेची, संथ चकती म्हणजे पटर. नवीन पोरं साहजिकच ड्रायव्हर उचलतात आणि ती चकती जेमतेम थोडं अंतर जाऊन एका बाजूला वळून पडते, कारण तिला लागणारा वेग त्यांच्या हातात नसतो. तिथले जाणकार सांगतात, आधी पटर सरळ फेकून दाखवा. संथ चकतीवर मनगटाची प्रत्येक चूक उघडी पडते. पारोळ्यात डिस्क गोल्फ येईल तेव्हा येईल, पण आजार तोच आणि औषधही तेच.

विकत घ्यायचीच असेल तर काय बघाल? लाकडी थाळी हातात छान बसते, पण पावसात भिजली की फुगते आणि कडेचे स्क्रू ढिले होतात. आपल्याकडच्या मुरमाड मैदानावर तिचं आयुष्य कमीच. फायबर किंवा प्लॅस्टिकच्या अंगाची, धातूच्या कडेची थाळी जास्त टिकते. संपूर्ण रबरी थाळी सगळ्यात स्वस्त, भिंतीवर आपटली तरी काही होत नाही. तिच्यात कडेला वेगळं वजन नसल्याने लांबीचा अंदाज येत नाही, पण पायांच्या सरावाला ती उत्तम. कडेवरून बोट फिरवून बघा. खरवडलेली कड बोट कापते आणि भीती बसली की हात सैल राहत नाही. आणि एक जुगाड : दुकानातल्या फरशीवर थाळी उभी धरून हलकेच घरंगळत सोडा. नीट सोडूनही ती दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर घेऊ नका. हाच प्रकार घरी सरावालाही चालतो. खडूने रेघ मारा आणि तर्जनीवरून थाळी त्या रेघेवर घरंगळत सोडा. रोज वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण फिरकी इथेच शिकाल.

हजारो रुपयांची हाय-स्पिन थाळी घेऊन द्या म्हणून घरी हट्ट करणार असाल, तर थांबा. छोट्या स्पर्धांत बहुतेक वेळा संयोजकांचीच थाळी वापरावी लागते आणि ती साधीच असते. तिच्यासारखीच थाळी सरावाला असणं जास्त कामाचं.

वर्तुळ आखणं फुकटात होतं. खिळा, सुतळी आणि सव्वा मीटरचं माप. अडीच मीटर व्यासाचं वर्तुळ तयार. फेकून झाल्यावर मागच्या अर्ध्या भागातूनच बाहेर पडायचं, ही सवयही पहिल्या दिवसापासून. आणि समोर क्रिकेट चालू असेल तर फेकू नका. ही धातूच्या कडेची वस्तू आहे, टेनिस बॉल नाही.

आपल्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे : वारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पळणाऱ्याला समोरचा वारा नको असतो, थाळीला तो हवा असतो, कारण तो तिला खालून उचलून धरतो. उजव्या हाताच्या खेळाडूला तर समोरून, जरा उजवीकडून आलेला वारा म्हणजे लॉटरीच. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना याने एप्रिल २०२५ मध्ये ७५.५६ मीटरचा विश्वविक्रम केला तो अमेरिकेतल्या रमोना या छोट्याशा गावात, जिथे वाऱ्यासाठीच फेकणारे जमतात. तेव्हा सरावाला वर्तुळ कुठे आखायचं ते धूळ कुठे उडते ते बघून ठरवा.

हे सगळं कशासाठी, असं घरचे विचारतील. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पूनियाने ६१.५१ मीटर थाळी फेकून सुवर्ण जिंकलं, तेव्हा तिन्ही पदकं भारतीय मुलींकडेच आली होती. ते लांबचं वाटत असेल, तर जवळचं सांगा : राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि तिथपर्यंतची वाट आपल्या विद्यापीठाच्या आणि जिल्ह्याच्या याच स्पर्धांतून जाते. तिथे तीन फाउल करून परत येणं किती महागात पडतं, ते मला विचारा.

दुसऱ्या वर्षी मी एक किलोच्या साध्या लो-स्पिन थाळीवर सराव केला. पदक नाही मिळालं, पण तिन्ही फेकी मोजल्या गेल्या आणि तिसरी सगळ्यात लांब होती. ती जुनी दीड किलोची थाळी अकरावीतल्या एका मुलाने सरांकडून मागून नेली. त्याच्या वयोगटाला तेवढीच लागते. स्क्रू त्याने नवीन बसवून घेतलाय.