रेंज फुल्ल, नेट गुल

राजापूर तालुक्यात बऱ्याच ठिकाणी टॉवर सड्यावर आणि माणसं खाली, अशी मांडणी आहे. वर जांभ्याचा उघडाबोडका सडा, उतारावर आंबा-काजूच्या बागा, तळाशी वाडी. टॉवरवरून निघालेली लहर पायथ्याच्या घरांच्या डोक्यावरून पलीकडे जाते. उरलीसुरली चिऱ्याच्या जाड भिंतीत विरते. त्यामुळे मुंबईहून लॅपटॉप घेऊन आलेल्या चाकरमान्याची मीटिंग पडवीत, नाहीतर विहिरीच्या काठावर.

आमच्याकडे सिमकार्डाचा राउटर आणि बाहेरचा अँटेना बसवायला आलेला मुलगा मूळचा डिश आणि सीसीटीव्हीवाला. शिडी त्याने बराच वेळ गाडीवरून उतरवलीच नाही. लांब वायरीवर राउटर, हातात मोबाईल, मोबाईलवर राउटरच्या सेटिंगचं पान, अशा थाटात तो माजघर, अंगण, गोठ्याची मागची बाजू असा हिंडत राहिला. प्रत्येक जागी थांबायचा, आकडा स्थिर झाला की पाठकोऱ्या कागदावर टिपायचा. मी मोबाईल पुढे करून ‘इथे तर रेंज फुल्ल दाखवतोय’ म्हटलं, तर म्हणाला, ‘काका, दांड्यांचं काही सांगू नका.’

तो बघत होता ते दोन आकडे. एक आरएसआरपी, म्हणजे टॉवरची लहर किती जोराने पोहोचते. हा उणे असतो. उणे ८० म्हणजे झकास, उणे ११० म्हणजे जेमतेम. दुसरा एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या मानाने आपली लहर किती वर आहे. तो २० च्या पुढे असला तर उत्तम, शून्याशी आला की गाडी अडली. अंगणात उणे ८८ आणि ३ होते, गोठ्यामागे उणे ९७ आणि १३. म्हणजे अंगणात जोर जास्त. पण वेग मोजला तर अंगणात ६ एमबीपीएस आणि गोठ्यामागे २२!

कारण अंगणासमोर खाडी आहे. पाण्यावरून काही अडत नाही, म्हणून पलीकडच्या किनाऱ्यावरचे टॉवरही इथे ऐकू येतात. ४जीमध्ये एकाच कंपनीचे शेजारशेजारचे टॉवर बहुधा एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, म्हणजे एकाचं बोलणं हा दुसऱ्याचा गोंगाट. मांडवात चार भटजी चार वेगळी मंगलाष्टकं एकदम म्हणू लागले तर आवाज मोठा होतो, शब्द एकही कळत नाही, तसं ते. गोठ्यामागे आमच्याच घराच्या भिंती खाडीकडचा गलका अडवत होत्या.

तेव्हा कुठे मला बाहेरच्या अँटेनाचं खरं काम समजलं. तो जास्त ऐकतो हे आहेच, पण एका दिशेचा अँटेना बाकीच्या दिशांना बहिरा असतो, आणि आमच्या घराला त्या बहिरेपणाची गरज होती. मुलाने पाईप गोठ्याच्या बाजूच्या भिंतीला क्लॅम्प केला आणि अँटेनाचं तोंड सड्यावरच्या टॉवरकडे केलं. अँटेना खरं तर दोन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे ४५ अंशांत कललेला. ४जी दोन धारांनी डेटा पाठवतं, प्रत्येक धारेला आपापला कान लागतो. पैसे वाचवायला एकच लावणारे बरेच आहेत. ते निम्मा वेग सोडून देतात.

मग बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा. ८५० मेगाहर्ट्झची लहर भिंतीतून, झाडीतून बऱ्यापैकी आत शिरते, पण तिथला पट्टा अरुंद, सहसा ५ किंवा १० मेगाहर्ट्झचा. २३०० चा पट्टा २० मेगाहर्ट्झचा असतो, पण ती लहर पानांनाही अडते. राउटरला मोकळं सोडलं तर तो जोर बघून ८५० वर जाऊन बसतो. म्हणून मुलाने सेटिंगमध्ये राउटरला २३०० वरच बांधून टाकलं.

सगळ्यात हुशारी मात्र वायरीत होती. अँटेनाबरोबर येणारी बारीक वायर २३०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण एक डेसिबल खाते. तीन डेसिबल गेले की निम्मी ताकद गेली. दहा मीटर वायर ओढून राउटर टीव्हीशेजारी शोभेला ठेवला, तर अँटेनाने कमावलेलं सगळं वायरीतच संपतं. म्हणून राउटर वर माळ्यावर, अँटेनापासून हातभर अंतरावर. तिथून खाली साधी लॅन केबल. ती शंभर मीटरपर्यंत बिनधास्त चालते. खाली एक छोटं वायफायचं यंत्र. माळ्यावरचा उकाडा राउटरला सोसवेल का ही माझी शंका होती. त्याने कौलांपासून दूर, वाऱ्याच्या जागी फळी ठोकून दिली.

बाजारात मिळणारा बूस्टर का नको, हेही विचारलं. बूस्टर लहर वाढवून पुन्हा फेकतो, गोंगाटासकट. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, शिवाय त्याच्या गोंधळाने आजूबाजूच्या घरांचंही नेट बिघडतं. अँटेना स्वतः काही वाढवून फेकत नाही. जे बोलायचं ते राउटरच बोलतो.

शेवटी जोडांवर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप, आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल. इथल्या खाऱ्या हवेत उघडा जोड फार टिकत नाही. पावसाची सर या लहरींना फारशी अडवत नाही, पण ओली पानं अडवतात. टॉवरच्या रेषेत येणारी फणसाची फांदी मे महिन्यातच छाटा, असं तो सांगून गेला. वळवाच्या विजा सुरू झाल्या की राउटरची पिन आणि वायरी काढून ठेवायच्या, हेही.

एसआयएनआर १७ वर स्थिरावला, वेग ३८. पैसे घेताना त्याने एक अट घातली. ‘गणपतीत फोन करू नका, काका. तेव्हा अख्खी मुंबई त्याच टॉवरवर असते. अँटेना कितीही फिरवा, टॉवरची जागा वाढत नाही.’