अहिंसेची किंमत कोणी मोजायची?

अहिंसा म्हटले की आपल्याला महावीर, बुद्ध आणि गांधीजी आठवतात. ख्रिस्ती धर्मातही अहिंसेची एक जुनी परंपरा आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः ती आपल्या सौंसर-पांढुर्ण्यापासून फारशी दूर नाही. आपला हा भाग ज्या जुन्या मध्य प्रांतात मोडत असे, त्याच प्रांतातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) परिसरात क्वेकर पंथीयांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्य आरंभिले. १८९९ साली दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यासाठी मेनोनाइट पंथाची मंडळी धमतरीस आली आणि पुढे तेथे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शस्त्र हाती न धरणे ही या दोन्ही पंथांची धर्मनिष्ठा होय. डिसेंबर १९४९ मध्ये जगभरातील शांततावाद्यांची परिषद प्रथम शांतिनिकेतनात व नंतर आपल्या शेजारच्या सेवाग्रामात भरली, तेव्हाही तिच्यात या विचाराचे ख्रिस्ती प्रतिनिधी होते.

या परंपरेकडे मी वळलो तो माझ्या व्यवसायातील एका प्रश्नामुळे. युद्धाला विरोध करणारा माणूस गर्भपाताविषयी काय म्हणेल? आणि गर्भपात म्हणजे हत्या, असे ठामपणे सांगणारा माणूस युद्धाविषयी गप्प का असतो?

आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांनी हे दोन विषय वेगळे ठेवले नव्हते. ‘डिडाखे’ या अतिप्राचीन शिकवणुकीत गर्भपात व नवजात अर्भकाची हत्या या दोहोंना मनाई आहे. इ. स. १७७ च्या सुमारास अथेनागोरस याने रोमन सम्राटाला सादर केलेल्या निवेदनात, जे लोक कायदेशीर देहदंडही डोळ्यांनी पाहू शकत नाहीत, ते कोणाचा जीव कसा घेतील, असा युक्तिवाद केला आणि त्याच ओघात गर्भपाताचाही निषेध केला. चौथ्या शतकात सम्राटच ख्रिस्ती झाले. त्यानंतर संत ऑगस्टीनच्या लेखनातून ‘न्याय्य युद्धा’ची कल्पना रुजली. युद्धाला सवलत मिळाली, गर्भपाताला मात्र मिळाली नाही. युद्धाचा निर्णय पुरुष घेत होते आणि गर्भ स्त्रीच्या उदरात होता. हा निव्वळ योगायोग असावा, असे मला वाटत नाही. (हिंसेला प्रतिष्ठा देण्यासाठी साम्राज्यच लागते असेही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा व सावरगाव यांच्यात जी गोटमार होते, तिला ‘प्रथा’ हा एकच शब्द पुरतो. आपण डॉक्टर मंडळी फुटलेली डोकी शिवतो आणि पुढच्या वर्षीची तयारी ठेवतो.)

अलीकडच्या काळात हा तुटलेला धागा पुन्हा जोडण्याचा प्रयत्न झाला. मदर तेरेसांनी १९७९ साली ऑस्लो येथे नोबेल पुरस्कार स्वीकारताना गर्भपाताला शांततेचा सर्वांत मोठा विध्वंसक म्हटले. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ साली गर्भपात, अण्वस्त्रे व देहदंड यांचा विचार एकाच सूत्रात करावा, असे मांडले. येशूचा अंगरखा शिवण नसलेला, अखंड विणलेला होता. जीवनाविषयीचा आदरही तसाच अखंड असावा, ही त्यामागील उपमा.

विचार देखणा आहे. परंतु एक गोष्ट त्यात सुटते, असे माझे मत आहे. युद्धास नकार देणारे त्या नकाराची किंमत स्वतः मोजत आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील ३६ तरुणांनी, ज्यांतील अनेकजण याच शांततावादी पंथांचे होते, मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांच्या प्रयोगासाठी आपली शरीरे दिली. १९४५ साली २४ आठवडे ते अर्धपोटी राहिले आणि त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. उपाशी शरीराला पुन्हा अन्न कसे द्यावे, हे कळावे म्हणून हा खटाटोप होता. उपासमारीविषयी आज जे ज्ञान आपल्याला आहे, त्यात या युद्धविरोधकांच्या भुकेचाही वाटा आहे, हे पोषण पुनर्वसन केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घेण्यासारखे आहे.

गर्भपाताच्या बाबतीत मात्र नकार देतो एक आणि किंमत मोजते दुसरीच. आपल्याकडे हे ओळखणारे पहिले दांपत्य म्हणजे जोतीराव व सावित्रीबाई फुले. १८६३ साली पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पाप-पुण्याचे प्रवचन न देता त्यांनी विधवांना गुपचूप बाळंत होण्यासाठी स्वतःच्या घराचे दार उघडले आणि तेथे जन्मलेल्या एका मुलाला दत्तकही घेतले. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात, ख्रिस्ती श्रद्धेने, अशाच निराधार स्त्रियांना आसरा दिला. माझ्या दृष्टीने अर्भकाविषयीची अहिंसा ती हीच.

म्हणूनच १९७१ च्या कायद्याला मी हिंसेचा कायदा मानत नाही. १९६४ साली नेमलेल्या शांतिलाल शाह समितीपुढे चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या स्त्रिया होत्या. लिंगनिदानाची गोष्ट वेगळी. तेथे गर्भाचा एकमेव अपराध मुलगी असणे हा असतो, आणि १९९४ च्या कायद्यानंतरही त्याबाबत कोणतीही सबब मला मान्य नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने हा प्रश्न थेट आपल्या टेबलावर आणला आहे. गर्भात गंभीर व्यंग असेल, तर २४ आठवड्यांनंतरचा निर्णय वैद्यकीय मंडळाने घ्यायचा असून त्यात बालरोगतज्ज्ञ असणे कायद्याने आवश्यक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका विवाहितेच्या प्रकरणात गर्भ सुमारे २६ आठवड्यांचा व निर्व्यंग होता. त्याच्या हृदयाचे ठोके थांबवायचे काय, अशी विचारणा दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरने केली. आधी दिलेली परवानगी पुढे नाकारण्यात आली. त्या डॉक्टरची विचारणा कित्येकांना निष्ठुर वाटली, मला ती प्रामाणिक वाटली.

व्यंग असलेल्या गर्भाविषयी मत देताना हे मूल जगेल काय, एवढे सांगून बालरोगतज्ज्ञाची सुटका होत नाही. शस्त्रक्रिया कोठे होईल, ती कितीदा करावी लागेल, सौंसरच्या आईला मजुरी बुडवून नागपूरच्या किती खेपा घालाव्या लागतील, घरी धाकट्यांना कोण पाहील, हेही सांगावे लागते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि जन्मजात हृदयविकार व मणक्याची व्यंगे त्यात येतात. पण ही माहिती त्या आईपर्यंत बहुधा बाळ जन्मल्यानंतर पोहोचते. सोनोग्राफीच्या अहवालासोबतच ती तिच्या हाती पडावी, एवढी व्यवस्था आपली संघटना या वर्षी करू शकेल काय?